पाट्यांतला काळ : ‘बार्शी लाईट’च्या लघुरूपासाठी जाहिरात-फलकांचा विचार

लघुरेल्वे, म्हणजे प्रत्यक्ष रेल्वेचे रूळ, गाड्या, स्थानके आणि भोवतालचा परिसर ठरावीक प्रमाणात लहान करून उभारलेली प्रतिकृती, ही जशी एखाद्या स्थळाची असते तशीच ती एखाद्या काळाचीही असते. परंतु स्थळ ओळखू यावे म्हणून कारागीर जेवढे कष्ट घेतो तेवढे कष्ट काळ ओळखू यावा म्हणून तो क्वचितच घेतो. इंजिनाचा वर्ग आणि डब्यांचा रंग एकदा बरोबर साधला की काळाचे काम संपले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हा समज जगातील पुष्कळ मार्गांपुरता खरा असेलही, कारण तेथे दर दहा-पंधरा वर्षांनी गाड्यांचे रूप बदलत गेले. पण मिरज ते लातूर या नॅरोगेज मार्गाला, लोकांच्या तोंडच्या ‘बार्शी लाईट’ला, तो मुळीच लागू पडत नाही. या मार्गावर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात आलेली इंजिने शतकाच्या शेवटच्या पावातही धावत होती, स्थानकांच्या इमारती दगडाच्या असल्याने बदलल्या नाहीत, आणि माळरान तर होते तसेच राहिले. बदलत राहिली ती फक्त एक गोष्ट : स्थानकाच्या कुंपणावर, मालधक्क्याच्या भिंतीवर आणि फाटकाजवळच्या दुकानांवर लावलेल्या व रंगवलेल्या पाट्या. म्हणून सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळसारख्या स्थानकाची प्रतिकृती करू पाहणाऱ्याने जाहिरात-फलकाकडे शोभेची वस्तू म्हणून न पाहता काळाचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा म्हणून पाहिले पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

मार्ग आणि त्याचे दीर्घायुष्य

बार्शी लाईट रेल्वे ही एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची निर्मिती होय. दोन फूट सहा इंच, म्हणजे 762 मिलिमीटर, एवढ्या अरुंद रुळांवरही जड मालाची वाहतूक किफायतशीरपणे करता येते, मात्र त्यासाठी कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये, हे तत्त्व त्याने मांडले. आसभार सगळीकडे सारखा ठेवला तर हलके रूळही पुरतात आणि मार्ग बांधण्याचा खर्च पुष्कळ उतरतो, असा त्यामागचा हिशेब होता. 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. पुढे एका बाजूस पंढरपूर आणि दुसऱ्या बाजूस, 1911 मध्ये, लातूर असा विस्तार झाला, आणि 1927 मध्ये पंढरपूरहून सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठे महांकाळ, सलगरे, आरग असा मार्ग मिरजेला येऊन मिळाला. सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचा हा खासगी मार्ग 1 जानेवारी 1954 रोजी भारत सरकारने विकत घेतला आणि तो मध्य रेल्वेत विलीन झाला.

या मार्गासाठी 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील कारखान्यांतून आलेली ‘एफ’ व ‘जी’ वर्गाची वाफेची इंजिने 1980 च्या दशकातही कुर्डुवाडी-पंढरपूर परिसरात काम करत होती. त्यांच्या जोडीला नंतर ‘झेडडीएम’ वर्गाची डिझेल इंजिने आली, आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. याचा अर्थ असा की वाफेचे एक इंजिन, चार डबे आणि दगडी स्थानक एवढेच दाखवणारी कवठे महांकाळची प्रतिकृती 1935 चीही असू शकते आणि 1980 चीही. या पंचेचाळीस वर्षांत देश स्वतंत्र झाला, संस्थाने विलीन झाली, राज्य बदलले, जिल्ह्याचे नाव बदलले, नाणी आणि वजने बदलली, मराठी लिहिण्याचे नियमसुद्धा बदलले. यांतले काहीच इंजिनावर उमटले नाही, पण पाट्यांवर सगळे उमटले.

प्रमाणाचे गणित

प्रतिकृतीच्या जगात सर्वाधिक रूढ असलेले प्रमाण ‘एचओ’ या नावाने ओळखले जाते, आणि त्यात प्रत्यक्षातील 87 मिलिमीटर प्रतिकृतीत 1 मिलिमीटर होतात. पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभारलेले आणि 1 एप्रिल 1998 रोजी लोकांसाठी खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय याच प्रमाणावर आधारलेले आहे, आणि महाराष्ट्रातील पुष्कळ मुलांना लघुरेल्वे म्हणजे काय हे तेथेच पहिल्यांदा कळले. या प्रमाणात बार्शी लाईटचे 762 मिलिमीटर अंतराचे रूळ पावणेनऊ मिलिमीटरचे होतात. बाजारात मिळणारे नऊ मिलिमीटरचे रूळ त्याला इतके जवळचे आहेत की ते बिनदिक्कत वापरता येतात. तयार इंजिने आणि डबे मात्र मुख्यतः ऑस्ट्रियासारख्या देशांतील अरुंदमापी मार्गांचे मिळतात, त्यामुळे बार्शी लाईटची गाडी हाताने घडवावी लागते. पाट्यांचेही तसेच आहे.

सहा फूट रुंद आणि चार फूट उंच पाटी या प्रमाणात 21 मिलिमीटर रुंद आणि 14 मिलिमीटर उंच होते. वीस फूट बाय दहा फुटांचे होर्डिंग सत्तर बाय पस्तीस मिलिमीटरचे होते. आणि तीस इंच बाय चाळीस इंच या भारतात रूढ असलेल्या आकाराचे चित्रपटाचे पोस्टर जेमतेम पावणेनऊ बाय पावणेबारा मिलिमीटरचे, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे, उरते. तीस इंच म्हणजेच दोन फूट सहा इंच असल्याने बार्शी लाईटच्या दोन रुळांमध्ये असे पोस्टर रुंदीने अंथरले तर ते बरोबर मावेल, हा योगायोग प्रमाण तपासण्यासाठी फार उपयोगी आहे, कारण भिंतीवरचे पोस्टर रुळांच्या अंतराहून रुंद दिसू लागले की कुठेतरी चूक झाली आहे हे तत्काळ कळते.

अक्षरांचे गणित अधिक कठीण आहे. पाटीवरचे चार इंच उंचीचे अक्षर प्रतिकृतीत सव्वा मिलिमीटरहूनही लहान होते. इंचाला 600 ठिपके उमटवणाऱ्या छपाईयंत्राचा एक ठिपका मिलिमीटरच्या सुमारे चोवीसाव्या हिश्शाएवढा असतो, म्हणून त्या अक्षराच्या उंचीत अठ्ठावीस ठिपके बसतात. रोमन अक्षरांना एवढे पुरते. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार, आणि मधे जोडाक्षरे अशी तीन मजली रचना असल्याने तोच अवकाश तिघांत वाटला जातो. परिणामी परदेशी कारागिरांनी सांगितलेले अक्षरांचे किमान आकार मराठी पाटीला चालत नाहीत. ते साधारण दीडपट धरावे लागतात, किंवा मूळ पाटीवरचा बारीक मजकूर गाळून मोठी अक्षरे तेवढी ठेवावी लागतात. प्रत्यक्षातही पाटी वाचणारा माणूस चालत्या गाडीतून फक्त मोठी अक्षरेच टिपत असे, त्यामुळे ही काटछाट सत्याला सोडून होत नाही.

पाटी वाचण्याची पद्धत

पुरातत्त्वज्ञ उत्खननात सापडलेल्या नाण्यावरून त्या थराचा काळ ठरवताना एक नियम पाळतात : नाणे पाडले जाण्यापूर्वीचा तो थर असू शकत नाही, मात्र नाणे पाडल्यानंतर कितीही वर्षांनी ते मातीत पडलेले असू शकते. जाहिरात-फलकांना हाच नियम लागू होतो. नंतरची पाटी आधीच्या काळात दिसली तर सगळी प्रतिकृती खोटी ठरते. आधीची पाटी नंतरच्या काळात, विटलेल्या व गंजलेल्या अवस्थेत, दिसली तर उलट प्रतिकृतीला खोली येते. म्हणून प्रत्येक पाटीला ‘याच्या आधी नाही’ अशी एक तारीख चिकटवणे हे अभ्यासाचे पहिले पाऊल होय, आणि मराठी मुलखातील पाट्यांच्या बाबतीत ही तारीख काढण्याची साधने विपुल आहेत.

पहिले साधन लेखनाचे. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 मध्ये शासनमान्य होण्यापूर्वी ‘येथें’, ‘कांहीं’, ‘पांच’ असे, आता अनावश्यक ठरलेले अनुस्वार छापील मजकुरात सर्वत्र असत. 1940 ची पाटी ‘येथे’ असे लिहून केली तर ती वाचताक्षणी आजची वाटते. एका टिंबाने ती जुनी होते. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या लिपिशुद्धीच्या चळवळीतून आलेली ‘अि’, ‘अु’, ‘अे’ ही स्वररूपे याच मुलखातल्या किर्लोस्करवाडीच्या किर्लोस्कर मासिकांनी बराच काळ वापरली, आणि त्या परिसरातील 1930 व 1940 च्या दशकांच्या पाटीवर ती घातल्यास काळाबरोबर स्थळही सूचित होते.

दुसरे साधन पैशाचे व वजनाचे. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली, तोवर किमती रुपये, आणे आणि पैंत होत्या. त्यानंतर 1964 पर्यंत ‘नवे पैसे’ हा शब्द चालला आणि मग नुसते ‘पैसे’ राहिले. शेर आणि पौंड जाऊन किलो रुळायलाही 1960 चे दशक उजाडले. तिसरे साधन पत्त्याचे. 1949 मध्ये संस्थानांच्या विलीनीकरणानंतर जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे भाग पडले आणि 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले, म्हणून ‘जि. दक्षिण सातारा’ असा पत्ता असलेली पाटी अवघ्या अकरा वर्षांच्या पट्ट्यात नेमकी बसते. सहा आकडी पिन कोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. तो ज्या पाटीवर आहे ती त्याआधीची असूच शकत नाही.

चौथे आणि सर्वांत नेमके साधन निवडणुकीच्या भिंतींचे. काँग्रेसची बैलजोडी 1969 च्या फुटीपर्यंत होती, त्यानंतर गायवासरू आले, आणि 1978 पासून हात. जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी 1977 च्या निवडणुकीत दिसला. चुन्याच्या भिंतीवर निळीने किंवा गेरूने काढलेली ही चिन्हे पावसाळ्यात पुसट होत, पण निवडणूक संपली तरी वर्षानुवर्षे कोणी ती पुसत नसे, त्यामुळे मालधक्क्याच्या एकाच भिंतीवर अस्पष्ट बैलजोडी आणि तिच्यावर ताजे गायवासरू असे दोन थर दाखवता येतात.

या पद्धतीने पुढे चार काळांची चित्रे मांडली आहेत. त्यांतील प्रत्येक पाटी कवठे महांकाळच्याच भिंतीवर होती, असा येथे दावा नाही. त्या काळी त्या मुलखात जी असू शकत होती, आणि जिच्या असण्याला कारण होते, तीच पाटी निवडायची, हा दंडक मात्र पाळला आहे.

1930 चे दशक : लोखंडी नांगर आणि कंदील

मार्ग नुकताच मिरजेला मिळाला आहे, रेल्वे खासगी कंपनीची आहे, आणि आजूबाजूला सांगली, मिरज, जत अशी संस्थाने व त्यांच्या मधेमधे ब्रिटिश मुलूख असा तुकड्यांचा नकाशा आहे. या काळच्या स्थानकावर टिकाऊ पाटी म्हणजे मुलाम्याची, अर्थात एनॅमलची पाटी : पोलादी पत्र्यावर काचेच्या भुकटीचे थर देऊन प्रत्येक रंग भट्टीत वेगळा भाजून काढलेली, उन्हापावसाला न जुमानणारी. चहा, साबण, बाम अशा मालाच्या मोठ्या कंपन्या अशा पाट्या देशभर लावत. मुंबईत 1893 मध्ये सुरू झालेल्या अमृतांजनाचे नाव या काळापर्यंत घरोघर पोहोचले होते.

कवठे महांकाळची प्रतिकृती मात्र केवळ चहा-साबणावर थांबली तर ती कोणत्याही स्थानकाची होईल. या मुलखाला स्वतःचा उद्योग होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानाच्या जागेत, तेव्हाच्या कुंडल रोड स्थानकाजवळ, 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर घडवून तो लाकडी नांगराला सरावलेल्या शेतकऱ्याला विकण्यासाठी जाहिरातीचे शास्त्रच उभे केले. 1920 मध्ये निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’ या पत्राचा जन्मही कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवण्याच्या गरजेतून झाला. कराडजवळ ओगलेवाडीत 1916 मध्ये आलेल्या ओगले काच कारखान्याने ‘प्रभाकर’ कंदील बाजारात आणला. पावसावर जिरायत ज्वारी पिकवणाऱ्या आणि रात्री कंदिलाच्या उजेडात बसणाऱ्या या गावांत नांगर आणि कंदील या दोन पाट्या जेवढ्या स्वाभाविक दिसतील तेवढी दुसरी कोणतीच दिसणार नाही.

तिसरी पाटी चित्रपटाची. कोल्हापूर जवळ होते. तेथे बाबूराव पेंटर यांनी 1920 च्या दशकातच स्वतः रंगवलेल्या पोस्टरांची परंपरा सुरू केली होती, आणि 1929 मध्ये कोल्हापुरात स्थापन होऊन 1933 मध्ये पुण्यास गेलेल्या प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ 1936 मध्ये आला. पंढरपूरच्या वारकऱ्यांना नेणाऱ्या गाडीच्या स्थानकावर या चित्रपटाचे पोस्टर हे काळ आणि स्थळ यांना एकाच वेळी धरून ठेवणारे चिन्ह ठरते. मात्र गावोगावी तंबू ठोकून खेळ करणारे फिरते सिनेमे जुनेच चित्रपट वर्षानुवर्षे दाखवत, म्हणून त्याच्यामुळे प्रतिकृती 1936 ची न ठरता 1936 नंतरची ठरते, एवढे ध्यानात ठेवावे.

1958 च्या आसपास : दक्षिण सातारा जिल्हा

आता रेल्वे सरकारी आहे आणि गाव द्विभाषिक मुंबई राज्यात आहे. जुन्या खासगी कंपनीची अक्षरे डब्यांवरून खरवडली गेली असली तरी कुंपणावरच्या एनॅमलच्या पाट्या वीस-पंचवीस वर्षे जुन्या होऊन तशाच आहेत, खिळ्यांच्या भोकांभोवती मुलामा उडून गंजाची तपकिरी कडी उमटली आहेत. त्यांच्या शेजारी नव्या पाट्या आल्या आहेत : 1 सप्टेंबर 1956 रोजी स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाची, अल्पबचतीची, ताडाच्या झाडाचे चित्र असलेल्या डालडाची, आणि किमतीपुढे ठळकपणे ‘नवे पैसे’ लिहिलेल्या बिस्किटांची किंवा दंतमंजनाची. हिवतापाविरुद्धची मोहीम या दशकात देशभर चालू असल्याने घरांच्या दारांशेजारी डीडीटी फवारणीच्या तारखा खडूने किंवा गेरूने टिपलेल्या असत. अर्ध्या मिलिमीटरच्या त्या खुणा जाहिरातीत मोडत नसल्या तरी या काळाला त्यांच्यासारखी दुसरी खूण नाही.

1975 : सरकारी भिंत

1972 च्या भीषण दुष्काळाने हा तालुका पोळून निघालेला आहे, आणि भिंतीवरचा मुख्य वक्ता आता व्यापारी नसून शासन आहे. हा बदल प्रतिकृतीत दाखवणे फार मोलाचे आहे, कारण त्यातून विकत घेण्याची ऐपत नसलेल्या मुलखाशी कोण बोलत होते हे दिसते. पिवळ्या पट्ट्यावरचा उलटा लाल त्रिकोण हे कुटुंब नियोजनाचे चिन्ह 1960 च्या दशकापासून सर्वत्र होते. त्याच्या जोडीला देवी निर्मूलनाचे आवाहन : देवीचा रोगी कळवणाऱ्यास मिळणारे बक्षीस 1975 मध्ये हजार रुपयांपर्यंत वाढवले गेले, आणि ‘देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा’ हा मजकूर महाराष्ट्रातील एका पिढीने भिंतींवर वाचून पाठ केला. देवीचा भारतातील अखेरचा रुग्ण त्याच वर्षी मे महिन्यात सापडला आणि 1977 मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला, त्यामुळे ही पाटी ताज्या रंगात दिसली की काळ एक-दोन वर्षांच्या आत निश्चित होतो. जुलै 1975 मध्ये जाहीर झालेल्या वीस कलमी कार्यक्रमाची पाटी हीच मर्यादा आणखी पक्की करते.

व्यापारी पाट्या याही काळात आहेत, पण त्यांचा रोख शेतीकडे वळला आहे : 1964 मध्ये प्रसारित झालेल्या संकरित ज्वारीनंतर ‘हायब्रीड’ बियाणे, खते आणि कीटकनाशके. विडी आणि तंबाखूच्या पाट्या मोकळेपणाने लागलेल्या आहेत. तंबूतल्या सिनेमात दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ (1971) किंवा व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (1972) लागला असेल. सोलापूर विभाग 1966 ते 1977 या काळात दक्षिण मध्य रेल्वेत होता, म्हणून या मार्गावरच्या रेल्वेच्या सूचनाफलकांवर दक्षिण मध्य रेल्वेचे नाव आले तर ते याच अकरा वर्षांतले असले पाहिजे.

1993 नंतर : पिवळा एसटीडी आणि फ्लेक्स

नॅरोगेजची अखेरची पंधरा वर्षे दाखवायची असल्यास पाट्यांचे स्वरूप पुन्हा बदलते. फाटकाजवळच्या टपरीवर ‘एसटीडी आयएसडी पीसीओ’ असे लिहिलेली पिवळी पेटी येते. 1977 मध्ये देश सोडून गेलेला कोकाकोला 1993 मध्ये परत आल्यावर थंड पेयांच्या कंपन्यांनी दुकानेच्या दुकाने आपल्या रंगांत रंगवून दिली. 1995 मध्ये मालमत्ता विद्रूपीकरणाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्रात झाला, आणि 2000-01 पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानामुळे गावांच्या भिंतींवर स्वच्छतेची वचने आली. या अभियानाशी ज्यांचे नाव जोडले गेले ते आर. आर. पाटील याच परिसरातील अंजनी गावचे आणि पुढे तासगाव-कवठे महांकाळचे आमदार होते. 2003 च्या कायद्यानंतर तंबाखूच्या मैदानी जाहिराती बंद झाल्या, म्हणून त्यानंतरच्या प्रतिकृतीत त्या फक्त विटलेल्या अवस्थेत दाखवाव्यात. द्राक्षे आणि बेदाणा यांच्यामुळे ठिबक सिंचनाच्या व औषधांच्या पाट्या वाढल्या, आणि शेवटी फ्लेक्स आले, ज्याने हाताने पाटी रंगवणाऱ्या पेंटरचा धंदाच बसवला. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरकडे पाणी नेणारी ‘जलदूत’ गाडी जेव्हा कवठे महांकाळवरून गेली तेव्हा मार्ग ब्रॉडगेज होता आणि गावाच्या चौकात फ्लेक्सच फ्लेक्स होते. नॅरोगेजच्या गाडीशेजारी असा फ्लेक्सचा जमाव मांडणे हा मराठी प्रतिकृतीत होऊ शकणारा सर्वांत ढोबळ कालविपर्यास होय.

कागद, रंग आणि गंज

पाटीचा प्रकार बदलला की ती करण्याची रीतही बदलते. एनॅमलच्या पाटीसाठी चकचकीत कागदावर छपाई करून तो कार्डावर किंवा पितळेच्या अतिपातळ पत्र्यावर चिकटवावा. कापल्यावर कागदाची पांढरी कड दिसली की सगळा परिणाम जातो, म्हणून कडेवर काळसर रंगाची पेन्सिल फिरवावी, आणि कोपऱ्यांत, खिळ्यांच्या जागी, गंजाच्या रंगाची कोरडी पूड बोटाने दाबावी. गंज खाली ओघळतो, वर चढत नाही. एवढ्या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने पुष्कळ चांगल्या पाट्या बिघडतात.

भिंतीवर रंगवलेल्या जाहिरातीची रीत वेगळी आहे. ती कागद म्हणून दिसता कामा नये, ती दगडात मुरलेली दिसली पाहिजे. त्यासाठी छापलेला कागद मागच्या बाजूने पॉलिश पेपरने घासून जवळजवळ पारदर्शक होईतो पातळ करावा, पाणी घालून पातळ केलेल्या डिंकाने भिंतीवर बसवावा, आणि ओला असतानाच दगडांच्या सांध्यांत बोथट काडीने दाबून घ्यावा. पाण्यात भिजवल्यावर कागदावरून सुटून येणारे छाप, ज्यांना डेकल म्हणतात, यासाठी आणखी सोयीचे असतात.

रंग विटण्याचाही क्रम असतो. उन्हात साधारणतः स्वस्त लाल आधी फिका पडून गुलाबी होतो, पिवळा त्यानंतर उतरतो, आणि निळा व काळा शेवटपर्यंत तग धरतात; म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेल्या पाटीवर लाल कमी करावा आणि सावलीतल्या पाटीवर तो तसाच ठेवावा. याशिवाय लहान प्रमाणात कोणताही रंग मूळच्या गडदपणाने वापरला तर तो डोळ्यांत खुपतो, कारण प्रत्यक्षात एवढी वस्तू दुरून पाहताना मधली हवा तिला फिके करते. म्हणून सर्व रंगांत थोडा पांढरा किंवा धुळीचा करडा मिसळावा, आणि कवठे महांकाळसारख्या कोरड्या मुलखात तो करडा किंचित तांबूस असावा.

अक्षरांबाबत संगणकावरचे आजचे टंक जसेच्या तसे वापरणे टाळावे. 1930 च्या छापील जाहिरातीला निर्णयसागर परंपरेतील जाड-बारीक वळणे, आणि 1975 च्या भिंतीला पेंटरच्या रुंद ब्रशाची, टोकाला किंचित फाटलेली वळणे लागतात. अशी अक्षरे हाताने मोठ्या कागदावर काढून मग लहान करणे हा मार्ग कष्टाचा असला तरी तोच खात्रीचा आहे.

किती पाट्या, आणि कुठे

पश्चिमी प्रतिकृतींत पाट्यांची गर्दी ही जवळजवळ परंपरा झाली आहे. अमेरिकेत लायोनेल या खेळण्यांच्या रेल्वेच्या कंपनीने 1950 च्या दशकात खऱ्या कंपन्यांच्या जाहिराती छापलेले छोटे फलक आपल्या रुळांशेजारी उभे करण्यासाठी विकले, आणि रस्त्याकडेला ओळीने उभ्या राहणाऱ्या बर्मा-शेव्हच्या पाट्या तर त्या देशाच्या 1925 ते 1963 या काळाचे चिन्हच झाल्या. तेथे ती गर्दी खरी आहे, कारण मोटारीने फिरणारा, पैसा खर्च करणारा समाज तेथे होता.

कवठे महांकाळचे स्थानक गाडीच्या वेळांखेरीज सुनसान असे, आणि आषाढी-कार्तिकीच्या वारीखेरीज तेथे विकत घेणाऱ्यांची गर्दी होत नसे. म्हणून येथे कमी पाट्या हेच सत्य आहे. 1930 च्या स्थानकाला तीन-चार पाट्या पुरतात, 1958 च्या स्थानकाला सहा, आणि 1975 च्या स्थानकावर संख्या वाढली तरी त्यांतल्या निम्म्या सरकारी हव्यात. पाटी कुठे लावायची याचेही कारण असले पाहिजे : तिकीटघराच्या खिडकीजवळ, जेथे रांग थांबते, पाणपोईच्या वर, जेथे मान वर होते, मालधक्क्याच्या रुळांकडच्या भिंतीवर, जी गाडीतून दिसते, आणि फाटकाशी, जेथे बैलगाड्या थांबून राहतात. जत तालुक्याकडे, पूर्वेस, गेल्यावर दुकानांच्या पाट्यांत कानडी अक्षरे मिसळू लागतात, आणि जत रोड स्थानकाची प्रतिकृती करणाऱ्याने तो फरक दाखवला पाहिजे.

नोंदीची निकड

या सगळ्या अभ्यासाला लागणारे साहित्य आज झपाट्याने नाहीसे होत आहे. बार्शी लाईटची इंजिने छायाचित्रकारांनी टिपली, तिचा इतिहास लिहिला गेला, पण तिच्या भिंतींवर काय लिहिले होते याची पद्धतशीर नोंद करण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही, कारण जाहिरात ही क्षुल्लक गोष्ट मानली गेली. जुन्या बाजारपेठांतील चुन्याच्या भिंतींवर तीन-तीन दशकांच्या जाहिराती अजूनही एकावर एक दिसतात. तासगाव, मिरज, सांगोला, पंढरपूर येथील जुन्या दुकानांच्या फळ्यांवर एनॅमलच्या पाट्या अजून अडकवलेल्या आहेत. जुन्या मासिकांच्या मलपृष्ठांवर त्याच काळची अक्षरवळणे सुरक्षित आहेत. आणि ब्रशाने अक्षर काढणाऱ्या पेंटरांची शेवटची पिढी अजून आपल्यात आहे. त्या भिंतींची समोरून, मापपट्टी शेजारी धरून छायाचित्रे घेणे, पाटीवरचा प्रत्येक शब्द त्याच्या जुन्या लेखनासह उतरवून घेणे आणि पेंटरांकडून रंगांची व अक्षरांची रीत लिहून घेणे, ही कामे शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थीसुद्धा करू शकतात.

अशी नोंद हाती आली तर लघुरेल्वेचा छंद हा खेळण्यांच्या पलीकडे जाऊन स्थानिक इतिहासाचे एक साधन होईल. एकवीस मिलिमीटरच्या पाटीवर लोखंडी नांगर, नवे पैसे किंवा लाल त्रिकोण नेमक्या जागी आणि नेमक्या अक्षरांत उतरवण्यासाठी कारागिराला या कोरडवाहू मुलखात कोण काय विकायला आले, शासनाने येथल्या माणसांकडून काय मागितले आणि माणसांना कशाची गरज होती हे आधी समजून घ्यावे लागते. पाट्यांविना ही प्रतिकृती केवळ एका रेल्वेची असते. योग्य पाट्यांसह ती त्या रेल्वेने जोडलेल्या गावांची होते, आणि बार्शी लाईटला तिच्या इंजिनांइतकीच तिची गावेही जपून ठेवण्याचा हक्क आहे.